सुधीरचं टक्कल

सुधीर गेल्याचं त्याच्या बायकोने, मेधाने फोनवर सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. इथे आखातातच, सित्र्याला कामावर असताना त्याला हार्ट अटॅक आला होता. गॅस बंद करून मी तिच्याकडे धावले... आणि जिना चढताना मनात काय यावं, तर आता अण्णांना तोंड कसं दाखवायचं. अण्णा म्हणजे सुधीरचे वडील. कित्येक वर्षं त्यांनी मुलाशी अबोला धरला होता, आणि तो माझ्यामुळे. सुधीरला जाऊन महिना होऊन गेला, तरी ही लाज काही जात नाही.

झिंज भागातल्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर राहायचा. एकदा लिफ्टमध्ये बघते, तर हा गुळगुळीत डोक्याने उभा. मेधा तेव्हा माहेरी गेलेली. आपल्याकडे असं डोकं दिसलं की दुसरं काय सुचणार? मिशी जागच्या जागी होती, पण तेवढं बघायला मी थांबले तर ना! घरी येऊन पिठलं-भात टाकला आणि त्याची बहीण भेटेल म्हणून पुण्याला फोन लावला. "अण्णा कधी गेले हो?" मी रडतच विचारलं. पलीकडून आवाज आला, "मी अण्णाच बोलतोय."

पुढचं आठवलं की अजून कान तापतात. सुधीरचं डोकं बघून तसं वाटलं, असं मी बोलून गेले. मग त्याने डोकं कशाला भादरलं, असं त्यांनी विचारलं. मी गडबडून म्हणाले, ऑफिसात काहीतरी गंमत असेल.

खरं कळलं ते पिठलं-भात घेऊन वर गेल्यावर. लहान मुलांच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी त्यांच्या कंपनीतले लोक डोकं भादरून देणग्या गोळा करत होते. सुट्टीवर जाईपर्यंत केस येतील, अण्णांना कळायचंही नाही, असं याने धरलेलं. मी फोनचं सांगितलं. तो "खलास, वहिनी" म्हणाला आणि पिठलं पुन्हा वाढून घेतलं. मला एका शब्दाने बोलला नाही. पुढे तो दरवर्षीच डोकं भादरू लागला. आता लपवायचं कोणापासून?

अण्णा मात्र त्याचा फोन घेईनात. बाप जिवंत असताना पोराने गंमत म्हणून मुंडण केलं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. मेधाने समजावलं, पण सून नवऱ्याचीच बाजू घेणार, असं ते म्हणत. बाहेरच्या कुणाचं त्यांनी ऐकलं असतं. ते बाहेरचं माणूस मीच होते, पण पुन्हा फोन करायची मला इतकी लाज वाटायची, की आज करू, उद्या करू...

सुधीरला पुण्याला नेलं तेव्हा मीही मेधासोबत गेले. यंदाचं मुंडण अजून व्हायचं होतं, त्यामुळे केस चांगले दाट होते. अण्णांनी त्यांवरून हात फिरवला. तेरावं झाल्यावर मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी फोटो आहे का, एवढंच विचारलं. माझ्या मोबाईलवर होता, नुकतंच भादरलेलं डोकं पुढे करून हसणारा सुधीर. अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि त्याच्या कानामागच्या व्रणावर बोट ठेवलं.

"झोपाळ्यावरून पडला होता. केस वाढल्यावर हा पुन्हा कधी दिसलाच नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आधी दाखवायचा होतात मला."