चार नंबरचा ठिपका

मी गुण देणारा माणूस. सैन्याच्या छोट्या तुकड्या सिम्युलेटरवर जे शिकतात, ते खऱ्या जमिनीवर कितपत उतरतं हे तपासणं माझी नोकरी. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे मानत नव्हतो. हसणार असाल तर हसा, मीही हसलो होतो.

गेल्या मार्चमध्ये रत्नागिरीजवळ पालीला चाचणी होती. रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात यंत्रणा मांडलेली. आठ जवानांनी सकाळी कार्यालयातच हेडसेट लावून गावाबाहेरचा सडा – म्हणजे कातळाचा माळ – चढायचा आणि दुपारी तीच चढाई प्रत्यक्ष करायची. नकाशा ड्रोन उडवून बनवलेला. वाट दाखवायला गावातले निवृत्त हवालदार, तात्या.

सकाळची फेरी झाल्यावर मी आणि तात्या रेकॉर्डिंग बघत बसलो. प्रत्येक जवानाचा एक ठिपका. करवंदीच्या जाळीपाशी चार नंबरचा ठिपका जमिनीखाली गेला. पस्तीस फूट. तिथेच तडफडत राहिला... सहा मिनिटं. मग हलायचा थांबला.

चार नंबर आमच्यासमोर चहा पीत होता. "पाय तेवढे गार पडलेत, साहेब," म्हणाला.

"सड्याच्या राखणदाराला गाराणं घातलंत काय?" तात्यांनी मला विचारलं. जागा राखणाऱ्या देवाची आधी परवानगी मागितलीत का, असा अर्थ.

"आमच्यातल्या कुणी तिथे पाऊलही ठेवलं नाही. नुसता ड्रोन फिरवला."

"त्याच्या हद्दीतच फिरवलात ना?"

मी 'सेन्सरमध्ये बिघाड' लिहून मोकळा झालो.

दुपारी तीनच्या उन्हात चार नंबर त्या जाळीकडे वळला. चाचणीत मध्ये बोलायचं नाही, हा नियम माझाच. तरी वायरलेसवर ओरडलो, "चार नंबर, जागेवर थांब!"

थांबला. आम्ही तिथे पोचलो आणि तात्यांनी काठीने वाळकं गवत बाजूला केलं. पुढच्याच पावलाला विहीर, कठडा नसलेली. तात्यांनाही ती ठाऊक नव्हती. दोर सोडला, तर पाणी पस्तीस फुटांवर.

"वाचलास बाबा," मी चार नंबरला म्हटलं. "इशारा मिळाला तुला."

तात्या विहिरीत बघत होते. हळूच म्हणाले, "इशारा कसला, साहेब... हितं आधी कोणतरी गेलंय."

सिम्युलेटर बनवणाऱ्या कंपनीने रेकॉर्डिंग तपासलं. आठही ठिपके सरळ वर गेलेले, कुठेही बिघाड नाही. मी गुण भरले, सही केली. पण ती सहा मिनिटं आम्ही दोघांनी पाहिली आहेत. ती चार नंबरची होती, की ज्याला कुणी 'थांब' म्हणालं नाही अशा दुसऱ्याच कुणाची, मला अजूनही माहीत नाही.