बावीस सूर्यचुली

"समजा" हा शब्द तोंडातून निघाला की आमचे भाऊसाहेब डावा डोळा मिटायचे आणि एक बोट आभाळाकडे करायचे. "समजा, गड्या, माळावरचा ह्यो सगळा वारा आपल्याच गावाचा हाय." एवढं बोलून थांबायचे. समोरच्यानं "बरं, समजलो" म्हटल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही.

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेबच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या नावाची मला कधी गरज पडली नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक बघायचो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि कागद पुढच्या टेबलावर ढकलायचा, एवढंच काम. भाऊसाहेबांकडे तीन गावं होती, एक सायकल होती आणि एक व्यसन होतं. ते विज्ञानकथा लिहायचे.

रद्द झालेल्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर त्या लिहिलेल्या असत आणि सगळ्या सन दोन हजार तीसमध्ये घडत. त्यांत रॉकेट नव्हतं की परग्रहावरची माणसं नव्हती. माळावरचं एक गाव असायचं. तिथं वाऱ्यावर पिठाची गिरणी फिरायची, शेणाच्या गॅसवर शाळेत दिवे लागायचे आणि दारोदार आरशांची सूर्यचूल असायची. तिच्यावर भाकरी धुराशिवाय टम्म फुगायची. पुण्याच्या एका मासिकानं एकदा गोष्ट साभार परत केली, ती 'शेण जास्त, विज्ञान कमी' असा शेरा मारून. भाऊसाहेबांनी तो शेरा मला कौतुकानं दाखवला. "म्हंजे शेवटापतोर वाचली की रं त्यांनी!"

"दोन हजार तीस सालात तरी ग्रामसेवकाची दप्तर तपासणी बंद करून टाका," मी चिडवायचो. ते खरंच विचारात पडायचे. "सूर्याला चुलीत बसवता ईल गड्या. तपासणी बंद व्हायची न्हाई."

मी हसायचो. पण तुम्ही त्यांच्याबरोबर एकदा त्या गावांकडे गेला असता, तर माझ्यासारखेच मग गप्प झाला असता. दुष्काळात झाडं संपली होती. बायका कोसभर लांब जाऊन बाभळीची मुळं खणून आणायच्या. मोळी घेतलेली बाई समोरून आली की भाऊसाहेब सायकलवरून उतरायचे आणि ती जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सायकलीवर बसून बघवत न्हाई." त्यांची आई आयुष्यभर मोळ्या वाहून वाकली होती, आणि चुलीच्या धुरानं तिला दमा जडला होता. तिचं सगळं तेच करायचे.

एका साली गणपतीत त्यांच्या तीन गावांपैकी एका गावानं त्यांना भाषण करायला सांगितलं. भाषणाऐवजी त्यांनी आरतीनंतर गोष्ट वाचली. मी तिथं होतो. चूक तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. भाऊसाहेबांना सरकारी भाषेखेरीज दुसरी भाषा लिहिताच येत नसे. 'सदर चूल प्रत्येक कुटुंबास देण्यात आली. सबब मोळीची गरज उरली नाही.' वाचणारा ग्रामसेवक, आणि उभा नेमका त्याच पारावर, जिथून तो बियाण्यांच्या आणि लशींच्या सूचना वाचायचा! सालाकडे कोण लक्ष देतो? बाया पदर सावरून पुढे सरकल्या होत्या. मला वाटलं, गोष्ट रंगली.

आठवड्यानं माझ्या टेबलावर बावीस अर्ज आले. विषय: सूर्यचूल मिळणेबाबत. गावच्या गुरुजींनी ते लिहून दिले होते आणि शाई नव्हती म्हणून बायकांनी तव्याच्या काजळीत अंगठा बुडवून उठवला होता. मला हसू आलं, आणि हसता हसता सवयीनं मी बावीसही अर्जांवर शिक्का मारला. शिक्का बसला की कागद सरकारी होतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं. हे माझ्याइतकं कचेरीत दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

साहेबांनी भाऊसाहेबांना बोलावलं. अर्जांचा गठ्ठा घेऊन मीही तिथं उभा होतो. साहेब वाईट नव्हते. "गावात जाऊन सांगा. मग दोन ओळी लिहून द्या, की सदर मजकूर खोटा आहे, अर्ज नामंजूर करावेत. विषय संपला. नाहीतर मला तुमची बदली करावी लागेल, तीही मेढ्याकडे." दम्याच्या म्हातारीला घेऊन त्या पावसाच्या मुलखात जायचं, म्हणजे काय ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

आम्ही दोघं गावात गेलो. पारावर बाया जमल्या. भाऊसाहेब म्हणाले, "ती गोष्ट व्हती. मी मनानं लिवली. अशी चूल मिळत न्हाई."

कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी तेवढी उठली. "आवं भाऊसाब, मनानं का हुईना, लिवली तर तुमीच न्हवं? मग कवा येनार?"

"म्हाईत न्हाई, आक्का."

"मग ऱ्हाऊ द्या माजा अर्ज तितंच. मला न्हाई तर न्हाई. नातीला तरी मिळंल."

परतताना ते सायकल हातात धरून चालत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुलासा दिला, त्यावर शिक्का मीच मारला. 'सदर चूल अद्याप आलेली नाही. सबब अर्ज प्रलंबित ठेवावेत.' शिक्का उचलण्याआधी मी हात जोडले होते. "भाऊसाहेब, 'खोटा' एवढंच लिहा. घरच्या म्हातारीकडं बघा." ते म्हणाले, "तिच्याकडंच बघून लिवलं."

बदलीचा हुकूम महिन्याच्या आत आला. एस.टी.च्या खिडकीशी त्यांनी आईला बसवलं, तिच्या कानांवरून फडकं घट्ट बांधलं आणि मला म्हणाले, "तेवढं अर्ज संभाळ."

"सांभाळतो," मी म्हणालो.

दोन वर्षं सांभाळले. दर महिन्याच्या प्रलंबित यादीत ते बावीस अर्ज मी इमानानं पुढे ओढत राहिलो. मग नवे साहेब आले. "हा काय चावटपणा आहे? आजच्या आज निकाली काढा!" माझं बढतीचं प्रकरण त्यांच्याच टेबलावर होतं. दुपारी बसलो आणि बावीसही अर्जांवर माझ्या हातानं 'नामंजूर' लिहिलं. काजळी बोटांना लागली, ती धुऊन टाकली. बढती मिळाली.

भाऊसाहेबांना हे कळवायचं म्हणून किती तरी कार्डं लिहायला घेतली. एकही टाकलं नाही. मेढ्याला जायचंही दर वर्षी ठरवायचो.

मग एक दिवस तिकडून आलेला शिपाई सहज बोलून गेला, की आई गेल्यावर सहा महिन्यांत भाऊसाहेबही गेले. तुमच्यापासून काय लपवू? ऐकल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता त्या अर्जांचं मला कुणी विचारणार नाही. मग मात्र कचेरीतच, सगळ्यांच्या देखत, मला रडू कोसळलं.