एक शब्दही न बोलण्याच्या अटीवर

आमच्या सोलापूरच्या मूकपटांतील विनोदी नटाविषयी परवा एका साप्ताहिकाने छापले की, बोलपट आले आणि त्या दिवशीच तो संपला. या विधानास माझी साफ हरकत आहे. संपादकांना मी रीतसर पत्रे लिहिली, त्यांनी पोच देण्याचे सौजन्यही दाखवले नाही. पुराव्यावाचून एखाद्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याचा अधिकार या मंडळींना दिला कोणी? मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे, म्हणून पाहिले ते येथे नोंदवतो.

तो विणकरांच्या वस्तीतला, तेलुगू घरातला. त्या गल्ल्यांत सकाळी खळ लावलेल्या सुताचा लांबच लांब ताणा रस्त्यातच बांधलेला असे. त्याला कोणाचे अंग लागले, तर ओट्यावरच्या म्हाताऱ्या त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. त्यामुळे आम्ही सारेच कमरेत वाकून, मान पुढे काढून, बदकासारखे त्याखालून जात असू. पुढे तो एका चित्रपट कंपनीत सुतारकामाला लागला. एके दिवशी नट आला नाही म्हणून त्याला कॅमेऱ्यासमोर ढकलले, आणि हा सवयीने तसाच वाकून चालला. त्या चालीवर मुंबईचे लोकही हसून लोळले. मग घाबरट नवरदेव, खादाड हवालदार, राजाचा बावळट सेवक अशी कामे त्याला वर्षानुवर्षे मिळाली. टीकाकार त्या चालीला कला म्हणत. आम्हाला ती गल्ली वाटे.

बोलपट आल्यावर कंपनीने त्याची परीक्षा घेतली. आवाज बारीक, मराठी तेलुगू वळणाचे. त्याला नारळ मिळाला आणि तो घरी परतला. आमच्या थिएटरात अद्याप मूकपटच चालत. यंत्र एकच असल्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबे आणि प्रेक्षक आरडाओरडा करीत. त्या वेळात याने पडद्यासमोर उभे राहून लोकांना हसवावे, असे मालकाने सुचवले. एका रविवारी दुपारी परीक्षा. लोक रमले तर कायमची नोकरी, नाहीतर विधवा आईला एकटी टाकून मुंबईच्या गिरणीत जाणे त्याला भाग होते.

आदल्या दिवशी फौजदारांनी मनाई केली. कारण काय, तर थिएटरचा परवाना चित्रांचा आहे, नाटकाचा नव्हे. मी तेव्हा नुकताच वकील झालो होतो. माझे रक्त उसळले. परवान्याची प्रत घेऊन मी तडक चौकी गाठली.

“साहेब, नाटक कशाला म्हणायचे, हे आपण कशावरून ठरवलेत?”

“माणूस उभा राहून बोलला की नाटक. त्याला वकिली कशाला पाहिजे?”

“आणि न बोलता उभा राहिला तर?”

“मग तो खांब.”

“खांबाला परवाना लागतो का?”

फौजदारांनी परवान्याची प्रत माझ्यापुढे सरकवली. “ठीक आहे. पण एक शब्द जरी तोंडातून निघाला, तर खेळ बंद करीन. मी स्वतः येऊन बसणार आहे.”

ही अट त्याला कशी सांगावी, या चिंतेत मी होतो. तो पोट धरून हसला. “वकीलसाहेब, कंपनीनं बोलता येत न्हाय म्हणून काढलं. सरकार म्हणतंय बोलू नको. सरकारच आपलं की.”

रविवारी थिएटर भरले. पहिले रीळ संपले, दिवे लागले, आणि तो पुढे आला. पुढल्याच खुर्चीत फौजदार. त्याने हवेतच ताणा बांधला, खळ लावली, गाठी मारल्या. मग कोणाची तरी शेळी त्यात शिरली, तिला काढताना तोच गुरफटला. विणकरांना प्रत्येक धागा दिसत होता.

“डावीकडं तुटलाय बघ,” एकाने सांगितले.

“मियाँ, कुछ तो बोलो,” मागून दुसरा.

“तोंड शिवलंय व्हय रं?”

त्याने फौजदारांकडे बोट केले आणि तोच तुटका धागा घेऊन स्वतःचे ओठ शिवून दाखवले. छप्पर उडायचे तेवढे बाकी राहिले.

तेवढ्यात बायकांच्या बाजूला त्याची आई उठली. आपण थिएटरात आहोत हे ती विसरली असावी. “अन्नम तिन्नावा रा?” जेवलास का, असे ती विचारत होती. सकाळपासून धास्तीने त्याने काही खाल्ले नव्हते. आईला उत्तर देण्यासाठी त्याचे तोंड उघडले. फौजदार खुर्चीत पुढे सरकले.

त्याने तोंड मिटले, पोट फुगवून त्यावर हात फिरवला आणि आवाज न करता भलीमोठी ढेकर दिली.

“लबाड आहे,” म्हातारी तेलुगूत सर्वांना म्हणाली आणि भाकरीचे फडके उंच धरले. ते हातोहात पुढे आले. फौजदारांनीच ते त्याला दिले. हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते. तो पडद्यासमोरच बसून जेवू लागला.

“रीळ तयार हाय,” यंत्रावरच्या माणसाने हाक दिली.

“थांब की, जेवू दे त्याला,” सारे थिएटर म्हणाले.

मालक दारातून बायकांच्या बाजूला गेले आणि म्हातारीपुढे वाकून म्हणाले, “अम्मा, उद्यापासून त्याची भाकरी हितंच आणत जा.”