हौसाकाकूचं कुणाकुणाशिवाय अडतं

गुडघा आखडल्यापासून हौसाकाकूला आपल्या कल्याणच्या फ्लॅटवर न्यायचं, हा ज्ञानेश्वरचा हट्ट. खर्डीचं घर सोडायचं नाही, हा काकूचा. आज मायलेकांची तीच रस्सीखेच चालली होती, तेवढ्यात कुणाली ओटीवर आली. ती कुठल्याशा संस्थेची पोरगी, हातात टॅब. देशोदेशीच्या माणसांचं जगणं कसं चाललंय, ते म्हणे सगळीकडे एकाच फॉर्मवर, दहापैकी मार्क देऊन मोजायचं.

ज्ञानेश्वरनं संधी साधली. "आये, दहात पाचाच्या वर मार्क पडले तर रहा हितंच. खाली आले तर गुपचूप गाडीत बसायचं."

"बसन. मी काय भितंय?" पदर सावरून काकू परीक्षेला बसली.

कुणालीनं घसा साफ केला आणि टीव्हीवर बातम्या देतात तसं वाचलं, "दैनंदिन कामांसाठी आपण इतरांवर कितपत अवलंबून आहात?"

"अवलंबून म्हंजे काय गो?"

"म्हणजे... कुणाशिवाय अडतं का तुमचं?"

एवढा सोपा प्रश्न! काकूचा चेहरा उजळला. "तर! रोज अडतं. पानी रखमी आनते. सुई शेजारची वैष्णवी ओवून देते, नि तवर सासूच्या चहाड्या सांगते. कौलं जैतू शाकारतो, नि बोंबलाची चटनी मागून खातो. सकुबाय तर डोकं इंचराय येते. लिवलंस ना? अजून हायेत."

पेपर सोपा गेल्यासारखी ती लेकाकडे बघून हसली. कुणालीनं ओठ चावत आकडा दाबला. दोन.

"दोनच?"

"जितकं अडतं तितके मार्क कमी, काकू."

ज्ञानेश्वर दाराशी भरून ठेवलेली आईची पिशवी उचलायला वाकला.

"थांब गो," काकू कुणालीला म्हणाली. "ह्यालाबी तोच सवाल इचार."

"माझं?" ज्ञानेश्वर हसला. "कुणावाचून अडत नाय. एकटा जीव, सगळं फोनवर मागवायचं. समोरच्या दाराआड कोण राहतो, तेपन म्हाईत नाय."

"दहापैकी दहा!" कुणाली म्हणाली.

काकू त्याच्याकडे बघतच राहिली. लहानपणी त्याला ताप भरला की बघायची, तशी. मग सरकून तिनं शेजारी जागा केली.

"येवढा एकला पडलास, बाला? नि आयेला सांगितलं नाय?"

ज्ञानेश्वर पिशवी होती तिथं ठेवून तिच्याशेजारी टेकला. "रायलं कल्यान," तो हळूच म्हणाला.

"रखमे," काकूनं विहिरीकडे हाक टाकली, "दोन हंडे जास्त आन गो! बाला राहतोय आज."

"मंग त्यालाच धाड की! हात मोडलं का त्याचं?"

ज्ञानेश्वर हंडा घेऊन निघाला.