आधी अंगठा, मग आवाज

"मॅडम, ही चंपाबाई बहिरी हाय का?" तात्यांनी विचारलं.

पडद्यावरच्या चंपाबाईने तोंड उघडलं तेव्हा तात्यांचं वाक्य संपत आलं होतं. शेवगावच्या शाळेतल्या खेळाला दोनच दिवस उरले होते. काष्टीत तात्यांच्या ओसरीवर लॅपटॉप, कॅमेरा आणि माईक पसरून मी घाम पुसत होते.

तात्या कांदा पिकवतात आणि गेली तीस वर्षं शाळांमधून बाहुल्यांचा खेळ करतात. बाहुली हातात घालायची, आडोशामागे बसायचं आणि हात डोक्याच्या वर धरून पाऊण तास बोलायचं. चंपाबाई ही त्यांची भांडखोर बाहुली. मुलं तिला काहीही विचारतात, ती हेडमास्तरांनाही सोडत नाही. शाळेत असताना मीसुद्धा तिची बोलणी खाल्ली आहेत. मागच्या वर्षी ट्रॉलीवरून पडून तात्यांचा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. "कायतरी तोड काडा, मॅडम. शेवगावला जमलं तर जमलं, न्हाईतर खेळ बंद," असं त्यांनी फोनवर सांगितलं, तेव्हा नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

माझं रोजचं काम एमआयडीसीतलं. पार्टवर एखादा बोल्ट बसवायचा राहिला तर कॅमेऱ्याने बघून सांगणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. तेच डोकं इथे लावलं. तात्यांनी हात टेबलावर ठेवायचा. कॅमेरा बोटं बघणार आणि बोटं हलतील तशी मोठ्या पडद्यावर चंपाबाई हलणार. तोंडाच्या बाबतीत मी जास्तीचा शहाणपणा केला. माईकवर आवाज आला की तोंड आपोआप उघडेल, म्हणजे तात्यांना तेवढंच एक काम कमी.

पण आवाज ऐकून चित्र पडद्यावर पोचेपर्यंत थोडा वेळ जातो. त्याला आम्ही लॅग म्हणतो. कारखान्यात एवढ्याशा लॅगने काही बिघडत नाही, बोल्ट काही पळून जात नाही. इथे मात्र चंपाबाई बावळट दिसत होती. दिवसभर कोड घासून मी लॅग निम्म्यावर आणला. तरी तात्यांची मान नकारार्थीच.

"तिचं तोंड कशानं उघडतंय?"

"तुमच्या आवाजाने."

"तितंच चुकतंय. आवाजानं न्हाई. अंगठ्यानं उघडतं ते."

त्यांनी खरी चंपाबाई हातात घातली, कोपर मांडीवर टेकवलं आणि मला चार वाक्यं सुनावली. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला आणि एकेक फ्रेम थांबवून बघितली. प्रत्येक वेळी आधी अंगठा खाली जायचा, तोंड उघडायचं आणि मगच शब्द यायचा.

"हे तुम्ही मुद्दाम करता?"

"आदी दम घ्यावा लागतो की तिला. दम न घेता कोन बोलतं?"

खरं सांगायचं तर लाजच वाटली. ज्या क्षणासाठी मी दिवसभर कोडशी झटापट करत होते, तो या माणसाच्या अंगठ्यात तीस वर्षं होता. माईकचा आणि तोंडाचा संबंध मी तोडला आणि तोंड अंगठ्याला जोडलं. आता अंगठा आवाजाच्या आधी निघत होता आणि तेवढ्या वेळात चित्र पडद्यावर पोचत होतं. उरलेला लॅग कुणाच्या लक्षातही येईना.

शेवगावला हॉल गच्च भरला होता. एका मुलीने विचारलं, "चंपाबाई, तू भिंतीवर का गेलीस?"

चंपाबाईने दम घेतला, मान वळवून पहिल्या रांगेतल्या हेडबाईंकडे बघितलं. "काय करू गं? समद्या खुर्च्या तुमच्या बाईंनी पाव्हन्यांना दिल्या. मला कुनी बस म्हनलं न्हाई!"

मुलं बाकांवरून पडायची बाकी राहिली. हेडबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी तात्यांकडे बघत होते. हात टेबलावर, नजर मुलांवर. पाऊण तासात त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

खेळ संपला, हॉल रिकामा झाला, तरी त्यांनी टेबलावरचा हात उचलला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाटलं हुतं, ही गेली."

मी वायरी गुंडाळत बसले.

आता कुठल्याही कारखान्यात गेले की मी आधी मशीन बघत नाही. त्या मशीनवर सगळ्यात जुना माणूस कोण ते विचारते आणि अर्धा दिवस नुसती त्याच्या हातांकडे बघत बसते. मॅनेजर म्हणतात, वेळ वाया जातो. त्यांना मी काही समजावत बसत नाही.