गव्हावर दळलेलं कुट्टू

चढावरच्या कोपऱ्यावर जी बेकरी होती, तिथल्या बाईला सगळा रस्ता मैदामावशी म्हणायचा. भुवयांपासून कोपरापर्यंत कायम पांढरी असलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? वडील पाववाले, त्यांच्यामागे ही पाववाली. लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "अहो, जग कूस बदलतं तेव्हा मी भट्टी पेटवते. असल्या बायकोला घेऊन कुणी काय करायचं?" कणकेचा गोळा बोटानं दाबून बघायची आणि लेकरासारखं त्याच्याबद्दल बोलायची, "झोपलाय अजून, थोड्या वेळानं उठवू." तिच्या पावाला जी जाळी पडायची, तशी जाळी पाडणारा हात पंचक्रोशीत नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. नम्रपणा वगैरे भानगड तिच्या स्वभावात नव्हतीच.

तर अशी ही बाई हळूहळू वाळायला लागली. पोट फुगायचं, तोंड यायचं, जिना चढताना भिंतीला हात टेकावा लागायचा. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, पित्त म्हणून गोळ्या झाल्या, आणि "वय झालं आता" हे निदान तर येईल तो फुकटात करून जायचा. शेवटी दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि समोर बसवून सांगितलं, "मावशी, तुम्हाला गहू सोसत नाही. तुमच्या आतड्याला तो इजा करतो. थोडासुद्धा चालणार नाही, चिमूटभरही नाही, आणि हे जन्मभराचं आहे."

मावशी हसली. तिला वाटलं, बाई गंमत करतायत. "अहो, मी गव्हावर उभी आहे," ती म्हणाली.

"तेच तर म्हणतेय. उतरा."

आता सांगा, ज्या बाईच्या नाकातोंडात, केसांत, अंथरुणातसुद्धा मैदा, तिला म्हणायचं गव्हाला शिवू नकोस. मावशीच्या पायाखालची जमीनच सरकली. घरी येऊन ती भट्टीसमोरच्या स्टुलावर नुसती बसून राहिली. आजारापेक्षा तिला एकच गोष्ट खात होती. पाव गेला तर आपण कोण?

तिच्या धाकट्या भावाकडे याचं उत्तर तयार होतं. धाकट्याची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती, ऑफिस एका जिन्याखाली, आणि शिकायला येणारी माणसं पायऱ्यांवर बसून फॉर्म भरत. बेकरीची जागा वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवलेली. माणूस लबाड नव्हता, बरं का. बहिणीवर त्याचा जीव होता. पण जीवही होता आणि जागेवर डोळाही होता, आणि एकाच माणसाच्या पोटात दोन्ही गोष्टी सुखानं नांदू शकतात.

"ताई, आता ब्रेक लाव," तो म्हणाला. "त्या पिठात मरशील तू. जागा मला दे ऑफिसला. तू माझ्याकडे राहा, आयतं खा, आराम कर."

"आराम करून काय करू?"

"माणसं करतात ते कर."

मावशीनं मुदत मागितली. डॉक्टरीणबाई काही महिन्यांनी परत रक्त तपासणार होत्या. तोवर ती गव्हाशिवाय बेकरी चालवून दाखवणार, आणि रक्त सुधारलं नाही तर जागा धाकट्याची. धाकट्यानं मान हलवली. त्याला वाटलं, गव्हाशिवाय बेकरी म्हणजे चाकाशिवाय गाडी, चार दिवसांत ही स्वतःच चावी आणून देईल.

डॉक्टरीणबाईंनी काय काय चालतं ते सांगितलं होतं. तांदूळ, मका आणि बकव्हीट. शेवटचं नाव ऐकून मावशी बिचकली. "व्हीट म्हणजे गहूच की हो."

"नावालाच व्हीट. गहू, तांदूळ ही गवतं. हे गवतसुद्धा नाही. आंबट चुका असतो ना भाजीचा, त्याच्या घराण्यातलं आहे हे. कुट्टू म्हणतात त्याला. तीन कोनांचा दाणा असतो."

"चुक्याच्या घराण्यातलं," मावशी म्हणाली. "म्हणजे आता चुकाच चुका होणार माझ्या हातून."

हे ती विनोदानं बोलली होती. डॉक्टरीणबाईही हसल्या आणि मग शिक्षिकेसारखं सांगू लागल्या. यातली प्रथिनं चांगल्या प्रतीची, चोथा भरपूर, मॅग्नेशियम चांगलं, आणि मैदा खाल्ल्यावर रक्तातली साखर जशी उसळते तशी यानं सहसा उसळत नाही. पण हे औषध नव्हे, धान्य आहे. आणि सुरुवातीला थोडंच खाऊन बघा, कारण काही माणसांना कुट्टूचीच ॲलर्जी निघते. मावशीनं थोडंच खाऊन बघितलं. पोटानं काही तक्रार केली नाही.

मग तिनं दुकान बंद करून साफ करायला घेतलं. मैदा कुठं कुठं असतो हे तिला तेव्हा कळलं. बिजागऱ्यांत, दिव्याच्या तारेवर, घड्याळाच्या काचेच्या आत. भिंती धुतल्या, रंगवल्या, साचे नवे आणले. वडिलांचं कणीक मळायचं लाकडी टेबल मात्र धुऊन भागणारं नव्हतं, त्याच्या भेगाभेगांत जन्माचं पीठ भरलेलं. धाकटा ते टेम्पोत घालून घेऊन गेला, ऑफिसला होईल म्हणून. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मावशी रस्त्यात उभी होती, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

बाजारातून तिनं बकव्हीटची गोणी आणली आणि नेहमीच्या गिरणीत दळून घेतली. गिरणीवाले काका वडिलांच्या वेळचे. मग पिठात पाणी, यीस्ट, मीठ घालून ती मळायला बसली. मळतेय, मळतेय, आणि गोळा काही ताणला जाईना. गव्हाची कणीक ओढली की रबरासारखी येते, हे म्हणजे ओल्या वाळूसारखं तुटायचं. भट्टीतून जे निघालं ते तिनं ताटात ठेवलं तर ताट वाजलं.

धाकट्यानं ते उचलून हातात तोललं. "ताई, हे बकव्हीट नाही. ही बकवीट आहे. घर बांधायला घे."

मावशीनं त्याला हाकललं, पण खाल्ली ती वीटच. दुसरं काय खाणार? त्याच पिठाचे पातळ पॅनकेक मात्र बरे जमायला लागले, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. बिस्किटंही जमली. कुट्टूला मूळचाच एक भाजका खमंगपणा असतो, लोणी आणि गूळ पडला की तो खुलतो. पीठ न करता अख्खे दाणे कढईत कोरडे भाजून, दुप्पट पाण्यात मोकळे शिजवून, वर परतलेला कांदा आणि मशरूम घालून तिनं काउंटरवर ठेवले. सकाळी दुधात शिजवून सफरचंद घातलेली लापशी ठेवली. जुनी गिऱ्हाइकं यायची, चव घ्यायची, "छान आहे हो" म्हणायची आणि हळूच विचारायची, "पाव कधी?" हा प्रश्न मावशीच्या काळजाला डागण्या द्यायचा. पावाशिवाय बेकरी कसली, हे तिलाही मान्य होतं.

तरी ती एका गोष्टीवर तग धरून होती. आपण कडक पथ्य पाळलंय, गव्हाचा कण पोटात गेलेला नाही, रक्त सुधारणारच. म्हणून तपासणीला ती जरा तोऱ्यातच गेली.

रक्त जसंच्या तसं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, खरं सांगा. अधूनमधून पाव खाता का?"

असं तोंडात मारल्यासारखं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं. तिनं देवाशपथ सांगितलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर दिसलं की त्यांना विश्वास ठेवायचा आहे पण जमत नाहीये. "आणखी एकदाच तपासू," त्या म्हणाल्या. धाकट्यानंही तेवढी सवलत दिली, पण त्याच आठवड्यात तो टेप घेऊन आला आणि दुकानाची लांबीरुंदी मोजून गेला. चोर नसून चोर ठरल्याचा राग मावशीच्या डोक्यात घुमत होता, आणि राग काढायला समोर कुणीही नव्हतं.

त्याच रागात ती रिकामी पिशवी आणि नवं धान्य घेऊन गिरणीत गेली. तिथं एक बाई डबा ठेवून काकांना सांगत होती, "काका, तांदूळ आहे. तांदळावरच टाका हं, गव्हावर नको."

दळणाला जाणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही, पण मावशीला त्या क्षणी ते जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं वाटलं. गिरणीच्या दगडांत आधीच्या दळणाचं पीठ राहतंच. पुढचं धान्य टाकलं की ते त्यात मिसळून येतं. म्हणून तर माणसं विचारतात, आता कशावर चाललंय?

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "माझं बकव्हीट तुम्ही कशावर दळता?"

काकांना प्रश्नाचं नवलच वाटलं. "गव्हावर. अजून कशावर? व्हीट म्हणजे गहूच ना? तुझं दळण मी हरभऱ्यावर टाकीन होय? मुद्दाम बाजूला ठेवतो, गव्हाचा मोठा घाणा निघाला की लगेच त्यावर तुझं. एकदम स्वच्छ."

त्यांचा चेहरा असा प्रेमळ होता की मावशीला ओरडताही येईना. इतके महिने हा भला माणूस तिच्यासाठी खास थांबून, अगदी आठवणीनं, तिला विष कालवून देत होता. ती गिरणीच्या ओट्यावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडू आलं. काका घाबरून पाणी घेऊन आले. तिनं सगळं समजावलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही. "चूक तुमची नाही," मावशी म्हणाली. "नावाला मीही फसले होते. आणि जन्मभर इथं दळण आणून मला विचारायचं सुचलं नाही." पण मनातून तिला हत्तीचं बळ आलं होतं. आपण खोटं बोललो नव्हतो, आणि दुखण्याचं कारण सापडलं होतं.

आता गिरणी बाद. सोललेले अख्खे दाणे आणायचे, नीट निवडायचे, घरीच भिजवून वाटायचे. पहिल्या खेपेला तिनं रात्रभर दाणे भिजवलेल्या पातेल्यात हात घातला आणि दचकली. पाणी चिकट, बुळबुळीत, बोटांना तार येतेय. नासलं म्हणून ती ओतायलाच निघाली होती. पण वास चांगला होता, आणि ती तार बघून पाववालीचे हात थबकले. तार म्हणजे पकड. गव्हाला जी ओढ असते ती याला मळून येत नव्हती, भिजवून आली होती. एवढे दिवस ती त्याला गव्हासारखं तिंबत होती. तिनं तो चीक न धुता तसंच सगळं वाटलं, मीठ घातलं आणि झाकून उबेला ठेवलं. मळणं नाही, यीस्टसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मिश्रण फुगून बुडबुडे आले होते. साच्यात ओतलं, भट्टीत ठेवलं, आणि ती भट्टीच्या काचेला नाक लावून उभी राहिली.

पाव वर आला. गव्हाइतका उंच नाही, पण आला. गार झाल्यावर तिनं सुरी चालवली तर आत जाळी होती. तिनं कडेचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटून चावला, आणि रिकाम्या दुकानात स्वतःलाच शाबासकी दिली.

पुढच्या तपासणीचा कागद डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे फिरवून दाखवला. आतड्याची इजा दाखवणारे आकडे खाली आले होते, चांगलेच खाली. "मी तुमच्यावर संशय घेतला," त्या म्हणाल्या. "दोन पाव द्या मला, घरी नेते." जिन्यात मावशीनं भिंतीला हात लावला नाही.

धाकट्यानं कागद वाचला, पावाची एक फोड खाल्ली, मग न विचारता दुसरी घेतली. "मग मी ऑफिस कुठं काढू?"

"जिन्याखाली."

"आकडे खरंच उतरलेत," तो म्हणाला आणि कागद पुन्हा वाचला. त्यानंतर सकाळचा पहिला शिकाऊ यायच्या आधी तो रोज काउंटरवर बसायला येऊ लागला. गर्दीच तशी व्हायला लागली होती. जुनी गिऱ्हाइकं पावाला परतली होती, आणि लांबून लांबून अशी माणसं यायची ज्यांना मावशीसारखंच गहू सोसत नव्हता.

एके सकाळी एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी काचेपासून लांब, हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली. खाऊच्या दुकानात असंच उभं राहायचं तिला शिकवलेलं दिसत होतं. आईनं ओशाळून विचारलं, "हिला गहू चालत नाही हो. यातलं हिला चालेल असं काही आहे का?"

आतल्या खोलीत मावशी साच्यात पीठ ओतत होती. तिनं हातातलं भांडं तसंच धरून कान दिला.

"सगळं चालेल," धाकटा म्हणाला. "पाव घ्या, केक घ्या, बिस्किटं घ्या. आमच्या ताईला जे चालत नाही ते या दुकानात आतच येत नाही."

आईला ते खरं वाटेना. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं. मग मुलीनं हात पुढे आणले आणि काचेपाशी गेली. एक बोट केककडे नेलं, मागे घेतलं, बिस्किटांकडे नेलं, परत केककडे. निवडायची वेळच तिच्यावर कधी आली नव्हती.

"लवकर ठरव गं," आई म्हणाली. "मागे माणसं थांबलीत."

"थांबू देत की," धाकटा म्हणाला. "तू सावकाश बघ, बाळा."

आत मावशीनं भांडं खाली ठेवलं, पोटभर आनंदानं रडून घेतलं आणि पदराला डोळे पुसले. मग उरलेलं पीठ ओतून तिनं साचे भट्टीत सारले.