पालावरच्या मुलीचं हॉल तिकीट

ती घटना आठवली की आजही माझी छाती फुगते, हे आधीच सांगून टाकतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्तीच्या आदल्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात दाखल झालेल्या या फसवणुकीच्या गुन्ह्याइतकं समाधान मला दुसऱ्या कुठल्याच तपासानं दिलं नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक मेंढपाळ आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी उभी होती. त्यांचा कळप तेव्हा चकलांब्याच्या शिवारात बसलेला. मेंढरं जातील तिथं पाल ठोकायचं, त्यामुळं शाळा लहानपणीच सुटली. पण मुलगी पालातच शिकली. दहावी बाहेरून दिली, चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि आता बारावीचा अभ्यास चालू होता.

अशा घरी शिकणाऱ्या मुलांसाठी एका खासगी मार्गदर्शन केंद्रानं 'कॉलेज प्लॅनिंग' विकायला काढलं होतं. कॉलेजात जायच्या आधीच ठरावीक विषयांच्या परीक्षा द्यायच्या, त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, साठवायचे आणि पुढं पदवीला तेवढे विषय कमी करून घ्यायचे. कल्पना खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. कुठली परीक्षा द्यावी आणि कुठलं कॉलेज ती मानतं, हे शोधून द्यायचे केंद्रचालक पैसे घेत होता. बापानं काही मेंढरं विकून फी भरली. परीक्षा तोंडावर आली आणि केंद्राला कुलूप लागलं.

"साहेब, पोरीचं हॉल तिकीट त्याच्याकडं अडकलंय," बाप म्हणाला. "पेपर हुकला तर माझे भाऊ म्हणत्यात, लई झालं शिक्षण, आता मेंढरामागं चल."

"तुमचं हॉल तिकीट तुम्हाला का निघत नाही?"

मुलीनं उत्तर दिलं, "नंबर त्याचा टाकलाय सर. आमचं सिम कवा चालतं, कवा न्हाई."

इथं मेंढपाळांची एक रीत सांगायला हवी. फिरतीवरची ही माणसं वाटेवरच्या गावात एखादं घर धरून ठेवतात. निरोप, लग्नपत्रिका, धान्याचं पोतं, सगळं त्या घरी. पिढ्यान्‌पिढ्या हा विश्वास चालत आलेला. या दोघांनी केंद्रचालकाला तेच घर मानलं आणि नोंदणीत त्याचाच मोबाईल नंबर दिला. त्यामुळं पासवर्ड त्याच्याकडं आणि ओटीपीही त्याच्याकडंच.

आमचा हवालदार हसला, "शिकून बी येडेच की!" मी त्याला जागेवरच गप्प केलं. या शहाण्यानं मागच्याच दिवाळीला बक्षीस लागलं म्हणून कुणाला तरी स्वतःचा ओटीपी वाचून दाखवला होता.

गुन्हा नोंदवला, तपास मी स्वतःकडे घेतला. दोनच दिवसांत भाजीची गाडी चालवणाऱ्या माझ्या जुन्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, तुमचं गिऱ्हाईक मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मटण हाणतंय. फी उकळायला वडवणीकडची चार नवी माणसं गोळा केल्यात." साध्या वेशात माणसं पाठवली आणि त्याला हात धुवायच्या आत ताब्यात घेतलं.

माणूस इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा. ठाण्यात आणून त्याचा फोन टेबलावर ठेवून घेतला, शेजारी दोन पंच बसवले.

"या मुलीला मी कधी पाहिलंच नाही, सर. आणि तुम्ही म्हणता तो नंबर माझा होता, पण सिम हरवलं. वर्ष झालं असेल. मी तर कंपनीला कळवलंही होतं."

खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो. हे मला कळत होतं, पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे. मी तो नंबर लावून पाहिला, पण टेबलावरचा फोन वाजला नाही; येणारे कॉल त्यानं बंद करून ठेवलेत, हे मागाहून कळलं. कंपनीकडून नंबरची माहिती यायला वेळ लागणार होता आणि परीक्षा काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

बाहेर मुलगी आमच्या महिला शिपायाजवळ बसली होती. आतलं सगळं तिच्या कानावर पडत होतं. ती उठली आणि म्हणाली, "मॅडम, कॉम्प्युटर जरा देता का?" तिनं परीक्षेच्या संकेतस्थळावर स्वतःचा नोंदणी क्रमांक टाकला आणि 'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं.

आत टेबलावरचा फोन थरथरला. केंद्रचालकानं झडप घातली, पण माझा हात आधी पोचला. पडद्यावर परीक्षेचं नाव होतं आणि खाली ओटीपी.

"हरवलेलं सिम बोलायला लागलं की बे!" मी म्हणालो.

पंचांना संदेश दाखवला आणि आकडे मोठ्यानं बाहेर सांगितले. मग बाहेरून आवाज आला, "उघडलं सर!" तिचं हॉल तिकीट आमच्याच प्रिंटरवर निघालं. ती फिकट शाईची प्रत पाहून बाप ठाण्यातच रडला.

त्यानंतर केंद्रचालकाचा गोडवा संपला. फोन जप्त केला. आणखी बऱ्याच मुलांची खाती त्यानं अशीच दाबून ठेवली होती आणि ती सोडायला वरून पैसे मागत होता. एकाही मुलाची परीक्षा आम्ही हुकू दिली नाही. दोषारोपपत्रही मी निवृत्तीच्या आधीच दाखल केलं.

मुलगी त्या परीक्षेत पास झाली, मग बारावीही. कॉलेजनं तिचे क्रेडिट मानले. बाप पेढे घेऊन घरी आला, तेव्हा मी त्याला विचारलं, "ही सगळी माहिती कॉलेजात फुकट मिळत होती. मग त्याला पैसे कशाला दिले?"

"कॉलेजात गेलतो की. खिडकीवरचा मान वर न करता म्हणला, नंतर या. ह्यानं खुर्ची दिली, चहा पाजला."

इतकी वर्षं मला वाटायचं, माणूस लोभानं फसतो. हा माणूस मानाचा भुकेला होता आणि ती भूक माझ्या ठाण्याच्या दारातही किती जण घेऊन उभे राहिले असतील!

"आता पुन्हा कुणी प्लॅन विकायला आला तर देणार का पैसे?" मी विचारलं.

बाप हसला. "आता लोकच आमच्या पालावर येत्यात, साहेब. कोणती परीक्षा द्यायची ते पोरगी फुकट सांगती. मी घोंगडं अंथरतो अन् चहा पाजतो."